भिंगातून : तीन पुड्या आणि एक भांडण

मुलांनो, या आठवड्यात खरं म्हणजे मी मुंगळ्याच्या पायांबद्दल लिहिणार होते. दोन ओळी लिहूनही झाल्या होत्या. तेवढ्यात पोस्टमन एक जाडजूड पाकीट देऊन गेला. आत वहीच्या पानावर लिहिलेलं पत्र आणि वहीच्याच कागदाच्या तीन पुड्या. पत्र वाचलं आणि मुंगळ्याला म्हटलं, बाबा रे, तू आता पुढच्या आठवड्यात ये.

पत्र असं होतं :

"प्रिय भिंगमावशी, मी सातवीत आहे. आमची आजी महिनाभर काकांकडे गेली आहे. तिचा औषधांचा डबा घरीच आहे. पावसात भिंतीला ओल आली आणि डब्यातल्या पुड्यांवरची शाई पसरली. परवा धाकट्या भावाचं पोट दुखायला लागलं. आई ओव्याचं पाणी करणार होती, पण स्वयंपाकघरातला ओवा संपला होता. म्हणून आजीचा डबा काढला. एका पुडीवर 'ओवा' एवढंच दिसत होतं, त्याच्या आधीचं अक्षर पुसलं होतं. मी पुडी उघडून वास घेतला, तर वासच नाही! मी म्हटलं, आई, हा ओवा नाही. आई म्हणाली, जुना झाला असेल, वास उडाला असेल. मी म्हटलं, थांब. आमचं भांडण झालं. आजीला फोन केला तर ती म्हणाली, उजवीकडची पुडी घे. पण डबा तर आईनं पालथा केला होता. शेवटी शेजारच्या काकूंकडून ओवा आणला. आता आई म्हणते, विचार तुझ्या भिंगमावशीला, कोण बरोबर ते. तीन पुड्या पाठवते आहे. पहिलीला आजी काळं जिरं म्हणते. दुसरीला आई कलौंजी म्हणते आणि काकू कांद्याचं बी म्हणतात. तिसरी भांडणाची. माझं नाव छापू नका, आईला आवडणार नाही."

नाव छापत नाही. आणि तिसऱ्या पुडीचं उत्तर मी तिला त्याच दिवशी कळवलं, छापून येईपर्यंत थांबण्यासारखं ते नव्हतंच. तुम्हाला मात्र थोडं थांबावं लागेल, कारण त्या पुडीपर्यंत पोचायला आधीच्या दोन पुड्यांमधून जावं लागतं.

माझी पद्धत साधी आहे. टेबलावर पांढरा कागद, त्यावर प्रत्येक पुडीतले वीस-पंचवीस दाणे वेगवेगळे पसरायचे. शेजारी मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी. हातात भिंग, दहापट मोठं दाखवणारं असेल तर उत्तमच, पण साधं शाळेतलं असलं तरी चालतं. एक टाचणी. दाणे उन्हाच्या उजेडात बघायचे, दिव्याखाली नाही. दिव्याखाली तपकिरी आणि काळा सारखाच दिसतो. आणि एक गोष्ट या टेबलावर कधीच करायची नाही. चाखायचं नाही. ओळख पटलेली नसताना दाणा जिभेवर ठेवणं म्हणजे उत्तर माहीत नसताना पेपर जमा करणं. शेवटी हात साबणानं स्वच्छ धुवायचे.

आता पहिली पुडी. काळं जिरं.

हे नाव ऐकलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो, बरं का. मी दहा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. वाईला आमच्या आजोळी उन्हाळ्यात वर्षाचा गोडा मसाला व्हायचा. अंगणात चूल मांडायची, मोठ्या कढईत एकेक जिन्नस भाजायचा, मग उखळात कुटायचा. त्या वर्षी शहाजिरं कमी पडलं. आजी शहाजिऱ्याला 'काळं जिरं' म्हणायची. मला म्हणाली, "पळ गं, पावशेर काळं जिरं घेऊन ये." मी गेले काष्ठौषधींच्या दुकानात, कारण ते जवळ होतं. दुकानदारानं चष्म्यावरून बघत विचारलं, "कडू का साधं?" आता मला काय ठाऊक! पण 'मला माहीत नाही' म्हणायची लाज वाटली. मी ऐटीत म्हटलं, "कडू."

त्यानं कडूजिरं बांधून दिलं. आजी एरवी हातात आलेला प्रत्येक जिन्नस नाकाशी नेल्याशिवाय पुढे सोडत नसे, पण त्या दिवशी तिला सर्दी झाली होती. मामीनं भाजलं, मावशीनं कुटलं, सगळ्या मसाल्यात ते एकजीव झालं. रात्रीच्या आमटीला आजोबांनी पहिला घास घेतला आणि ताट बाजूला सारलं. कडूजिऱ्याचा कडूपणा कारल्यासारखा नसतो. तो जिभेवर बसतो आणि उठायचं नावच घेत नाही. वर्षाचा मसाला वाया. त्या काळी एवढे जिन्नस पुन्हा आणणं म्हणजे खेळ नव्हता. मला कोणी मारलं नाही, ओरडलंही नाही. दुसऱ्या दिवशी आजीनं मला अंगणात बसवलं, केळीच्या पानावर दोन मुठी ओतल्या, एक शहाजिऱ्याची, एक कडूजिऱ्याची, आणि म्हणाली, "बस आणि वेगळं काय ते सांग. कळल्याशिवाय उठायचं नाही." मी दीड तास बसले होते. भिंग तेव्हा नव्हतं, पण या सदराची सुरुवात खरी तिथे झाली.

मी त्या दीड तासात काय पाहिलं ते सांगते, पण आधी स्वयंपाकघरातून एक धणा आणा. बोटांनी जरा दाबा. टचकन दोन वाट्या होतात, हो ना? कोथिंबीर पेरताना धणे चपलेखाली रगडतात ते याचसाठी. एका धण्यात दोन बिया असतात. म्हणजे धणा हे बी नाहीच, ते फळ आहे, जोडफळ! जिरं, शहाजिरं, बडीशेप, बाळंतशेप, ओवा ही सगळी धण्याची भावंडं. प्रत्येकाचं फळ दोन अर्ध्यांचं. बरेचदा पुडीत येईपर्यंत ते अर्धे सुटे झालेले असतात, आणि मग प्रत्येक अर्ध्याला एक सपाट बाजू असते, जिथे तो आपल्या जोडीदाराला चिकटलेला होता. दुसऱ्या बाजूला पाठ. पाठीवर उभ्या शिरा. ठळक शिरा मोजल्या तर पाच भरतात, तीन पाठीवर आणि दोन कडांना. त्या शिरांच्या मधल्या खाचांमध्ये, सालीच्या आत, तेलाच्या बारीक नळ्या असतात. वास येतो तो तिथून. म्हणून तर दाणा नुसता हुंगण्यापेक्षा चिरडून हुंगला की घमघमतो.

शहाजिरं या कुळातलं. बारीक, काळपट, चंद्रकोरीसारखं जरा वाकलेलं, शिरा फिकट. चोळलं की गोडसर उग्र वास.

कडूजिरं कोणाच्या कुळातलं असेल? झेंडूच्या आणि सूर्यफुलाच्या! त्याचा जिऱ्याशी काडीचाही संबंध नाही. दाणा चार-पाच मिलिमीटर लांब, गडद तपकिरी, खाली निमुळता आणि वर रुंद. त्याला सपाट बाजू नाही, तो चोहोबाजूंनी सारखा, कारण तो कोणाचा अर्धा नाही, एकटाच आहे. शिरा मोजा, दहाच्या आसपास भरतील. आणि वरच्या टोकाला टाचणीच्या टोकाएवढी चपटी जागा असते, तिथे आखूड केसांचं बारीक कडं, कधी पूर्ण, कधी झडलेलं. झेंडूची बी वरच्या झुपक्यासकट आठवा, म्हणजे नातं कळेल. वैद्य लोक कडूजिरं जंतांवर देतात. त्याच्या शास्त्रीय नावातला 'अँथेलमिंटिका' हा शब्दही जंत मारणारी असंच सांगतो. म्हणजे औषध म्हणून ते चांगलंच आहे हो. फक्त आमटीत नको.

आमच्या मैत्रिणीच्या पहिल्या पुडीतले दाणे मी भिंगाखाली धरले. सपाट बाजू नाही. शिरा दहा. टोकाला कडं. कडूजिरं! आजी त्याला काळं जिरं म्हणते, तेही चूक नाही, पुष्कळ घरांत तसंच म्हणतात. पण याच नावानं कोणाकडे शहाजिरं असतं, कोणाकडे कडूजिरं आणि कोणाकडे कलौंजी. एक नाव, तीन झाडं, तीन कुळं. माझा या नावावर राग आहे तो उगीच नाही.

कलौंजी म्हटलं की दुसरी पुडी आलीच.

ही काळीकुट्ट. दाणे दोन-तीन मिलिमीटरचे, कोन असलेले. आई म्हणते कलौंजी, काकू म्हणतात कांद्याचं बी. आता गंमत अशी की पुष्कळ लोकांना ही एकच वस्तू वाटते. कलौंजीला कांद्याचं बी म्हणायची चूक इतकी जुनी आहे की इंग्रजी पाककृतींच्या पुस्तकांतही ती शिरलेली आहे. पण कांद्याचं बी म्हणजे कांद्याचं बी, ज्याच्यापासून कांदा येतो ते. कलौंजी हे वेगळंच झाड, त्याला निळसर पांढरी फुलं येतात आणि पानं शेपूसारखी चिरलेली असतात.

दोन्ही शेजारी ठेवली तर कांद्याचं बी सुरकुतलेलं, वेडंवाकडं, कुठे पोट बसलेलं असं दिसतं. कलौंजी त्यामानानं टोकदार, तीन धारांची, अंगावर जाळीसारखी खरखर. तरी नुसत्या डोळ्यांनी मीसुद्धा दोनदा फसलेली आहे, खोटं कशाला बोलू! म्हणून दुसरी परीक्षा. चिमूटभर दाणे दोन चमच्यांमध्ये दाबून चिरडा. कलौंजीचा मसालेदार, ओव्याच्या जवळपास जाणारा वास येतो. कांद्याच्या बीला तसला वास नाही.

आणि तरीही शंका उरली तर सगळ्यात पक्की परीक्षा, पेरायचं! मी या पुडीतले दहा दाणे कुंडीच्या मातीत टाकले आणि शेजारच्या कुंडीत खात्रीचं कांद्याचं बी. कांदा कसा उगवतो पाहिलंय का कधी? मातीतून आधी हिरवी हेअरपिन बाहेर येते. खरंच! एकच बारीक पान, मधोमध दुमडलेलं, त्याचा वाकलेला गुडघा आधी वर येतो आणि टोक मागाहून मातीतून सुटतं. तो एकदल आहे ना. कलौंजी मात्र द्विदल, दोन छोटी पानं पसरून उगवते आणि मागून येणारी पानं चिरलेली. पेरल्यापासून बाराव्या दिवशी माझ्या पहिल्या कुंडीत दोन पानांची सहा रोपं होती. आई जिंकली, काकू हरल्या. काकूंना म्हणावं वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या बाजूनं निम्मा देश आहे.

फक्त एक लक्षात ठेवा. शेतीच्या दुकानात मिळणारं पेरणीचं बी स्वयंपाकघरात आणायचं नाही. त्याला कीड-बुरशी लागू नये म्हणून विषारी औषध चोळलेलं असतं. गुलाबी, निळा असा रंग दिलेला असतो तो माणसांना सावध करण्यासाठीच. मी कुंडीत पेरलं ते हातमोजे घालून.

आता भांडणाची पुडी.

दाणे करड्या-तपकिरी रंगाचे, अगदी बारीक. चार हात लांबून पाहिलं तर कुणीही ओवाच म्हणेल. मी शेजारी माझ्या डब्यातला ओवा पसरला आणि भिंग लावलं.

ओव्याचा दाणा दोनेक मिलिमीटरचा, अंड्यासारखा. पाठीवर शिरा, दुसरी बाजू सपाट, काही दाणे अजून जोडीजोडीनं. अंगावर बारीक बारीक पुटकुळ्या. पुष्कळ दाण्यांना केसासारखा देठ चिकटलेला. आणि वास! ओव्यात थायमॉल नावाचा पदार्थ असतो, त्याचा हा वास. बाजारात 'ओव्याचं फूल' म्हणून पांढरे खडे मिळतात ते थायमॉलचेच. ओवा जुना झाला की वास मंद होतो हे आईचं म्हणणं खरं आहे, पण दोन बोटांत चिरडला की जुना ओवासुद्धा नाकात शिरतो.

पुडीतला दाणा चिरडला. काही नाही. शिरा शोधल्या. नाहीत. सपाट बाजू नाही, जोड नाही, देठ नाही. दाणा चपटा, एका बाजूनं खाच असलेला, मूत्रपिंडासारखा. आणि अंगभर खड्डेच खड्डे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे.

आता तुम्ही एक करा. हिरवी मिरची चिरा, एक बी काढून वाळवा. वांग्याची किंवा टोमॅटोची एक बी घ्या. भिंगाखाली ठेवा. चपटी, एका बाजूला खाच! रंगरूप, आकारमान वेगळं, पण घडण तीच. म्हणजे पुडीतला दाणा धण्याच्या कुळातला नाहीच, तो वांग्या-मिरचीच्या कुळातला. याच कुळात धोत्राही येतो. आणि याच कुळात येतो खुरासनी ओवा. पुसलेलं अक्षर होतं 'खु.'

खुरासान हा इराणच्या ईशान्येकडचा प्रांत. संस्कृत ग्रंथांत या औषधाला पारसीक यवानी म्हणतात, म्हणजे इराणकडचा ओवा. हिमालयातही हे झाड उगवतं. नावात ओवा आहे, पण ओव्याशी नातं नाही. त्यात हायोसायमिन आणि स्कोपोलामिन अशी द्रव्यं असतात. आपले मज्जातंतू शरीरातल्या ग्रंथींना आणि स्नायूंना जे निरोप धाडतात, ते ही द्रव्यं मधेच अडवतात. लाळेचा निरोप अडला की तोंडाला कोरड पडते. डोळ्याच्या बाहुलीला 'बारीक हो' असा निरोप पोचला नाही की ती मोठी होते आणि उजेड सहन होत नाही. नाडी धावायला लागते. माणूस बरळतो, नसलेल्या गोष्टी त्याला दिसतात. लहान मुलाला तर थोडीशी मात्राही जड जाते. डॉक्टर याच द्रव्यांचा फार उपयोग करतात, प्रवासात उलटी होऊ नये म्हणून, डोळे तपासताना बाहुली मोठी करण्यासाठी या जातीचंच ॲट्रोपिन वापरतात. पण तिथे थेंबाथेंबाचा हिशेब असतो. वैद्यही पारसीक यवानी मोजून-मापूनच देतात. सरकारच्या औषध नियमांमध्ये आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची एक यादी आहे, तीत गुंज, धोत्रा, बिब्बा, कुचला यांच्या पंक्तीला हिचंही नाव आहे.

ही पुडी त्या घरात कशी आली? आजीला पुन्हा फोन झाला तेव्हा कळलं. आजोबांना पूर्वी एका वैद्यांनी औषध दिलं होतं, त्यातली उरलेली. आजोबा जाऊन चार वर्षं झाली. पुडी तशीच राहिली, कारण जुन्या माणसांना औषध टाकवत नाही.

म्हणजे भांडणात कोण जिंकलं? जुन्या ओव्याचा वास कमी होतो हे आईचं बरोबर. पण पातेलं चुलीवरून उतरवलं गेलं ते मुलीच्या नाकामुळे. माझ्या मते तिच्या धाकट्या भावानं मोठं झाल्यावर तिला एक सायकल द्यायला हरकत नाही.

इथे मराठी वाचकांसाठी आणखी एक खड्डा आहे. नाशिककडे, ठाणे-पालघरच्या डोंगराळ भागात 'खुरासणी' म्हणजे कारळे. चटणीचे, तेलाचे. काळे, चकचकीत, लांबट, टोकाला निमुळते, झेंडूच्याच कुळातले आणि अगदी निर्धोक. तेव्हा दुकानात जाऊन 'खुरासणी द्या' म्हणताना आपण तेलबी मागतोय का औषध, हे नीट सांगा. आणि दुकानदारानं काही विचारलं आणि कळलं नाही, तर 'मला माहीत नाही, घरी विचारून येते' म्हणायची लाज बाळगू नका. एका वर्षाचा गोडा मसाला गमावून मी हे शिकले.

जाता जाता मोहरीबद्दल सांगायलाच हवं. रस्त्याच्या कडेला, पडीक रानात एक काटेरी झुडूप असतं. पानं निळसर हिरवी, त्यांवर पांढऱ्या शिरा, फुलं पिवळी, बोंडालाही काटे. तो पिवळा धोत्रा. हा मूळचा मेक्सिकोचा आणि नावापुरताच धोत्रा, खरा नातेवाईक अफूच्या झाडाचा. त्याचं बी मोहरीएवढं, काळपट, गोल. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात या बियांचं तेल मिसळलं गेलं. लोकांचे पाय सुजले, दम लागू लागला, हृदय थकलं. 60 हून जास्त माणसं गेली. पिवळ्या धोत्र्यातलं सँग्विनरिन नावाचं द्रव्य अंगातल्या बारीक रक्तवाहिन्या सैल करतं आणि त्यांतून पाणी झिरपून सूज येते. तेल एकदा गाळून बाटलीत भरलं की डोळ्यांना काहीच कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. बी मात्र तुम्ही ओळखू शकता. भिंगाखाली मोहरी बरीच गुळगुळीत दिसते, पिवळ्या धोत्र्याच्या बीवर खरखरीत जाळी. आणि चमच्यानं दाबून फोडा. मोहरी आतून पिवळी, ते बी आतून पांढरं. आईनं मोहरी निवडायला घेतली की एकदा तिच्याबरोबर बसा. रोज नको, आई कंटाळेल.

मिरीत मिसळलेली पपईची बी तर तुम्हाला ठाऊकच असेल. पाण्यात टाकली की ती तरंगते आणि भरलेली मिरी बुडते. कोवळी, पोकळ मिरीही कधी तरंगते, तेव्हा वर आलेला दाणा फोडून खात्री करा.

आणि ज्यांच्या शाळेच्या कुंपणाला मोगली एरंड आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. एरंडेल तुम्हाला माहीत आहे, त्याच्या नुसत्या नावानं तुमचे चेहरे कसे होतात तेही मला माहीत आहे. एरंडाचं बी चकचकीत, करड्या-तपकिरी नक्षीचं, टोकाला छोटा फुगवटा. रक्त पिऊन टम्म झालेल्या गोचिडासारखं दिसतं, आणि त्याचं शास्त्रीय नाव 'रिसिनस' म्हणजे लॅटिनमध्ये गोचीडच! मोगली एरंडाचं बी काळं, निस्तेज, लांबट, अंगावर बारीक भेगा. त्याचा गर शेंगदाण्यासारखा लागतो, म्हणून मुलं खातात, आणि मग उलट्या-जुलाबांनी अख्खा वर्ग दवाखान्यात, अशा बातम्या दर काही वर्षांनी येतात. दोन्ही बिया विषारी आहेत. एरंडेलात विष का नसतं म्हणाल, तर एरंडाचं विष तेलात उतरत नाही, ते पेंडीत मागे राहतं. कोणी अशा बिया खाल्ल्याच तर मोठ्यांना लगेच सांगायचं, मीठ-पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडायचं नाही, आणि डॉक्टरांकडे जाताना उरलेल्या बिया बरोबर न्यायच्या. डॉक्टरांना निम्मं काम त्या बियाच सांगतात.

आमच्या मैत्रिणीचं कालच दुसरं पत्र आलं. तिनं आणि आईनं मिळून आजीचा डबा पूर्ण रिकामा केला. खुरासनी ओवा जवळच्या वैद्यांकडे नेऊन दिला. बाकीचं काचेच्या छोट्या बाटल्यांत भरलं. प्रत्येक बाटलीवर पेन्सिलीनं नाव लिहिलं (पेन्सिल ओलीनं पसरत नाही, हे तिचं तिलाच सुचलं), घरातलं नाव, दुसऱ्या घरातलं नाव, आणलं ती तारीख, आणि कोणासाठी आणलं ते. कडूजिऱ्याच्या बाटलीवर तिनं कंसात 'मावशीचा मसाला' असं लिहिलंय. शाबास गं बाई!

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम. आईला विचारून चमचाभर अळीव घ्या आणि चमचाभर सब्जा. दोन्ही पाण्यात टाकून घड्याळ लावा, कोणाभोवती आधी काचेसारखा फुगा येतो ते लिहा. मग ओल्या कापसावर अळीव पेरा. चार-पाच दिवसांत पहिली पानं येतील. ती बहुतेक रोपांच्या पहिल्या पानांसारखी साधी नसतात. कशी असतात ते मी सांगणार नाही. भिंगातून बघा, चित्र काढा आणि पाठवा. पाकिटात चित्रच पाठवा बरं का, पुड्या नकोत. टेबलावर जागा उरलेली नाही, आणि मुंगळा अजून वाट बघतोय.

– तुमची भिंगमावशी